ळ चा सराव

अर्धी जीभ काढली
आणि डाव्या मनगटाचं कातडं तिथे शिवलं.
आदल्या दिवशी डॉक्टर वालावलकरांनी
केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं होतं,
इथून घेणार, इथे लावणार.
हे म्हणाले, रेघ हलते तुमची.
यांचं धड ऐकू आलेलं वाक्य ते शेवटचं.

चाळीस वर्षं बोर्ड रंगवले.
शिडी चढण्याआधी चिमूट दाढेशी,
उतरल्यावर चूळ.
डॉक्टरच्या दारावरची पाटी एका चिमटीची,
दुकानाचा बोर्ड चारचा.
तो हिशेब मीच फॉर्मवर सांगितला,
हे तेव्हा छताचा रंग बघत होते.

नाकात नळी.
दर दोन तासांनी मी पन्नासची सिरिंज भरून
मुगाचं पाणी सोडते, हळू, हात उंच धरून.
जिभेला त्यातलं काही लागत नाही,
तरी मी आधी जिऱ्या-हिंगाची फोडणी देते, मग गाळते.
शेजारच्या पारूताई म्हणाल्या, कुणासाठी गं एवढं?
यांनी डोळे मिटले होते.
नाकपुडी हलत होती, नळी नसलेली.

मग तीस लाईट.
कडू आडनावाच्या एका मुलाने
जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ केलं,
यांच्या तोंडावर ओढून बसवलं,
निवल्यावर त्याचंच तोंड झालं.
रोज ते चढवायचं, टेबलाला खटके लावायचे,
जाड दार बंद.
आत हे, बाहेर मी, मांडीवर यांचा चष्मा.
पंधराव्या दिवशी मुखवटा सैल पडला.
हे आटले होते. तो तसाच,
पहिल्या दिवसाच्या गालांचा.
शेवटी कडू म्हणाला, काकू, घरी नेता?
आता माळ्यावर असतो, रंगाच्या डब्यांशेजारी.
केर काढताना मी त्याच्याकडे पाठ करत नाही.

नव्या जिभेवर मनगटाचे दोन केस उगवले होते,
तेही लाईटनी गेले.
नातवाला फार वाईट वाटलं.

बुधवारी परळला रेवती मॅडमकडे.
आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक:
जूनमध्ये सात होत्या, आता बारा,
म्हणजे दोन बोटं जेमतेम.
मग अक्षरं.
प येतो. म येतो.
निर्मळा म्हणायला जातात,
त्यातला म तेवढा माझ्यापर्यंत पोचतो.
मी ओ देते.

ळ येत नाही.
ज्या ळ साठी लोक वाट वाकडी करून नायगावला यायचे,
दोन पोटं, मधला पीळ,
ब्रश एकदाही न उचलता,
तो ळ.
मॅडमच्या तक्त्यावर बाळ, फळा, काळा.
यांनी तक्ता बाजूला सारला,
पाटीवर स्वतःचं वाक्य लिहिलं.
मॅडमनी वाचलं, पाटी माझ्याकडे फिरवली:
येथे दळण दळून मिळेल.
तीन ळ, तिन्ही सारखे.
लिहिणारं मनगट उजवं,
बोलणारं डावं.
उजव्याला येतं ते डाव्याला शिकवायचं आहे.
किती दिवस, मी विचारलं.
मॅडम म्हणाल्या, सहा महिने. वर्ष.
मग म्हणाल्या, फोनवर कळेल इतपत होईल.
यांनी पाटी पुसली नाही, तशीच पिशवीत घातली.

काल परतताना हे गिरणीपाशी थांबले.
बोर्ड यांचाच, अठ्ठ्याऐंशी सालचा,
ळ च्या पोटांत पीठ बसलेलं.
खाली उभं राहून मोठ्याने वाचला:
येथे दवन दवून मिवेन.
लाळ गळली, ती बाहीला पुसली,
पुन्हा वाचला.
गिरणीवरच्या नव्या पोराने
पट्टा न थांबवता विचारलं,
किती किलो?

यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग त्याला दोन बोटं दाखवली.

भाकरी यांना अजून कित्येक महिने नाही.
मी डबा आणायला घरी गेले.